फ्लेक्सवरचा पांढरा कोट

माझा सतरा वर्षांचा चेहरा देवासच्या एका चौकात अडीच महिने टांगलेला होता. चेहरा माझा, बाकीचं धड दुसऱ्याच कुणाचं. फ्लेक्स छापणाऱ्यानं बाबांना विचारलं होतं, "भिया, कोट डाल दूँ? डॉक्टर लगेगी." बाबा हो म्हणाले. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये पांढरा कोट घातलेलं, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेलं एक बाईचं धड तयारच होतं, त्याच्यावर त्यानं माझा प्रवेशपत्रावरचा फोटो बसवला. मान जरा तिरकी बसली. खाली लाल अक्षरांत 'आपल्या समाजाची भावी डॉक्टर', आणि दोन्ही कडांना आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव. त्यांचे फोटो माझ्यापेक्षा मोठे होते.

आज मी धारला एका शाळेत विज्ञान शिकवते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे 'लक्ष्य कार्ड' भरून घेतात. प्रत्येकानं आपला फोटो चिकटवायचा, खाली मोठेपणी काय होणार ते लिहायचं, आणि ती कार्डं वर्षभर वर्गाच्या भिंतीवर लावायची. वर्गातल्या निम्म्या मुली डॉक्टर असतात. यंदा नालछ्याहून येणाऱ्या एका मुलीनं मला विचारलं, मॅडम, तुम्ही काय लिहिलं होतं? मी तिला कार्डाचे कोपरे नीट कापायला सांगितलं. त्या भिंतीकडे मी सहसा बघत नाही, फळ्याकडे बघून शिकवते. हेडमास्तरांना वाटतं मी जरा माणूसघाणी आहे, आणि ते काही फारसं चुकीचं नाही.

माझे बाबा जळगावकडचे. आयटीआय करून देवासच्या कारखान्यात लागले आणि तिथलेच झाले. कॉलनीत आमच्यासारखीच बरीच घरं होती, नोकरीमागोमाग आलेली. शाळा मात्र हिंदी. त्या शाळेत सहावीपासून दर वर्षी एकच निबंध यायचा, मैं बड़ी होकर क्या बनूँगी. मी दर वर्षी डॉक्टर झाले. गाइडमधलं वाक्य पाठच होतं: मैं गरीबों का मुफ़्त इलाज करूँगी. दहापैकी आठ मिळायचे. एका वर्षी गंमत म्हणून लिहिलं, की मला आकृत्या काढायचं काम मिळालं तर आवडेल, पुस्तकात असतात तशा, बेडकाच्या, फुलाच्या, डोळ्याच्या. बाईंनी लाल पेननं विचारलं, यह कोई काम है? दहापैकी चार. पुढच्या वर्षी मी परत डॉक्टर.

खरं सांगायचं तर मला त्यात दुःख वगैरे झालं नाही. डॉक्टर व्हायचं म्हटलं की घरात सगळे नीट बोलायचे. भाऊ नव्हता, बहीण नव्हती, बाबांच्या सगळ्या आशा एकाच पाटावर बसलेल्या. आकृत्या तर मी तशाही काढतच होते. हृदयाची माझी आकृती अख्ख्या शाळेत फिरायची: चार कप्पे, अशुद्ध रक्त निळं, शुद्ध लाल, झडपा पेन्सिलीनं बारीक, आणि डाव्या-उजव्याचा घोळ कधी नाही. मी हुशार आहे असं मला वाटायचं, ते बहुतेक त्या आकृतीमुळेच.

मराठी वाचायला मी शिकले ती मास्तरांकडून. ते आमच्याच ओळीत, टोकाच्या घरात राहायचे. कारखान्याशी त्यांचा संबंध नव्हता. त्यांचे आजोबा देवासच्या धाकट्या पातीच्या, म्हणजे धाकट्या गादीच्या, दरबारी दफ्तरात होते. संस्थान गेलं, मानपान गेला, मास्तर सरकारी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले आणि मुलानं पुण्याहून घेऊन दिलेल्या छोट्या घरात राहायला आले. कॉलनीतली आम्ही पोरं घरात मराठी बोलायचो, पण मराठीची पाटीसुद्धा अडखळत वाचायचो, ते त्यांना सोसेना. रविवारी सकाळी मंडळाच्या हॉलमध्ये सतरंजी घालून ते आम्हाला वाचायला बसवत. शिकवणं कडक, पण मारणं नाही. त्यांची मराठी जुनी होती. 'आंघोळ' ऐवजी 'स्नान', 'बायको' ऐवजी 'कुटुंब'. घरी गेलं की त्यांच्या बायको, आमच्या काकू, स्वयंपाकघरातून ओरडायच्या, कुटुंब म्हणतंय चहा निवतोय.

बाकीची पोरं हळूहळू गळाली. मी आठवीपासून बारावीपर्यंत जात राहिले. आज हे मराठीत लिहू शकते आहे, ते त्या सतरंजीमुळे. हेही मला नीट सोसत नाही.

बारावीनंतर मेडिकलची प्रवेश परीक्षा दिली. दोन वर्षं इंदूरच्या कोचिंगला रोज बसनं जाऊन-येऊन केलं होतं. निकाल लागला त्या दिवशी बाबांनी कारखान्यातूनच कागद छापून आणला. वर माझं नाव, मधे मी पात्र ठरल्याचं लिहिलेलं, आणि त्याच्या खाली माझा क्रमांक. बाबांनी मधलं वाचलं आणि थांबले. त्यांच्या काळात पास म्हणजे पास. ते आयटीआय पास झाले आणि महिन्याभरात कामावर लागले. पास होऊनही जागा मिळत नाही, क्रमांक सहा आकडी असला तर सरकारी कॉलेजचं दारही दिसत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. खाजगी कॉलेजचं तर आमच्या घरात नावही निघण्यासारखं नव्हतं.

मला ठाऊक होतं. कोचिंगच्या सरांनी त्याच दुपारी फोनवर सांगितलं होतं, बेटा, इस बार नहीं होगा, ड्रॉप लेना पड़ेगा, म्हणजे वर्षभर थांबून परत परीक्षा. संध्याकाळी बाबा आले, सायकल लावली, माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "काय डॉक्टरसाहेब, चहा घेणार का?" बाबा मला एरवी थट्टेतसुद्धा कधी अहोजाहो करत नसत. त्या दिवशी थट्टेत केलं, पण डोळे भरलेले होते. मी चहा घेईन म्हणाले.

तेवढंच. याच्यापेक्षा मोठं खोटं मी बोललेच नाही. नंतर फक्त गप्प राहिले. बाबांनी पेढे वाटले, मी गप्प. आईनं गावी मावशीला कळवलं, मी गप्प. प्रवेशाची पहिली यादी लागली, त्यात मी नव्हते, मी म्हटलं दुसरी असते. दुसरी लागली तेव्हा गणपती बसले होते आणि चौकात फ्लेक्स लागला होता. आता बोलायचं म्हणजे तो खाली उतरवायला सांगायचं. माझ्यात तेवढी धमक नव्हती.

मंडळाच्या गणपतीत दर वर्षी गुणवंतांचा सत्कार असतो. शाल, श्रीफळ, काचेची फ्रेम. एरवी दहावी-बारावीला चांगले टक्के पडलेल्यांचा होतो, त्या वर्षी शेवटी माझा वेगळा झाला. शाल मास्तरांनी घातली. ते भाषण करतील असं वाटलं होतं, पण त्यांनी माइक हातात घेऊन एवढंच म्हटलं, की आता आपल्या लोकांना आपलं दुखणं आपल्या भाषेत सांगता येईल. लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, उगाच वाजवताहेत. मग लक्षात आलं, की त्यांनी अगदी मनापासून वाजवल्या होत्या.

कारण देवासात तीस-चाळीस वर्षं काढलेल्या या माणसांचं दुखणं मराठीच राहिलं होतं. बाजारहाट हिंदीत, भांडण माळवीत, आणि पोटात मुरडा आला की मराठी. कळ, चमक, ठणका, आग, पेटका, गोळा येणं, भरून येणं. दवाखान्यात डॉक्टर विचारायचा, दर्द है? हे म्हणायचे, हाँ, दर्द है. बाकीचं सगळं तोंडातच राहायचं. म्हणून सत्कार झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून लोक माझ्याकडे यायला लागले. कुणी रक्ताचा रिपोर्ट घेऊन, कुणी एक्स-रे घेऊन, कुणी नुसताच गुडघा घेऊन. आपली पोर आहे, तिला कळतं. सतरा वर्षांच्या बारावी पास मुलीकडे मोठी-मोठी माणसं येऊन बसायची आणि पोटावर हात ठेवून सांगायची, अगं, इथं असं पिळवटतं बघ.

मला ते आवडायचं. हे लिहिताना मान खाली जाते, पण आवडायचं. मी पाय जवळ घेऊन सरळ बसायची, रिपोर्ट उजेडात धरायची, भुवया आक्रसायची. सांगायची काय, तर पाणी भरपूर प्या, तेलकट कमी करा. ते कुणालाही सांगता येतं, आणि त्यानं कुणाचं बिघडत नाही. त्या दिवसांत मी आरशात बघितलं की मला कोट दिसायचा. ती तिरकी मानसुद्धा मी उचलली होती, असं आई नंतर एकदा म्हणाली.

अनंत चतुर्दशी झाली, पितृपक्ष लागला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी मास्तरांकडे त्यांचं एक पुस्तक परत द्यायला गेले. मास्तर खिडकीशी खुर्चीत बसले होते. खोलीत निलगिरीच्या तेलाचा वास होता. त्यांनी खांद्याला लावलं होतं.

"ये, बैस. फी मात्र देणार नाही," ते म्हणाले. मग सांगायला लागले. गणिताचे मास्तर, सांगणंही पायरी-पायरीनं. पंधरा दिवसांपासून होतं आहे. टेकडीवर देवीला गेलो होतो तेव्हा पहिल्यांदा झालं. चढ लागला की छातीवर कुणी वीट ठेवल्यासारखं होतं, बसलो की जातं. डावा हात भरून येतो. कधी कधी जबड्यापर्यंत येतं, म्हणून आधी वाटलं दाताचं असेल. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, मी रोज सांगते दवाखान्यात दाखवा म्हणून. मास्तर त्यांच्याकडे न बघता म्हणाले, आता घरचीच डॉक्टर आहे, तिलाच विचारू.

त्यांनी जे जे सांगितलं, ते सगळं माझ्या पुस्तकात होतं. पिवळ्या पेननं रेघ मारलेलं होतं, परीक्षेत येण्यासारखं म्हणून. चार पर्यायांत विचारलं असतं तर मी दोन सेकंदांत बरोबर गोल काळा केला असता. पण पुस्तकातलं दुखणं हिंदीत होतं, परीक्षेतलं इंग्रजीत होतं, आणि ते कुणाचंच नव्हतं. हे मास्तरांचं होतं, खिडकीशी बसलेलं, मराठीत. ते दोन्ही एकच आहेत हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

आमच्या शाळेत एक गोष्ट सगळ्यांनी शिकवली, पहिलीपासून बारावीपर्यंत, प्रत्येक बाईंनी आणि प्रत्येक सरांनी. जागा कोरी सोडायची नाही. कुछ तो लिखो, आधा नंबर मिल जाएगा. येत नसलं तरी लिहा, प्रश्नच परत उतरवून काढा, पण रिकामं सोडू नका. बारा वर्षं मी रिकामं सोडलं नव्हतं. मास्तर माझ्याकडे बघत होते, काकू बघत होत्या, आणि काहीतरी म्हणायला हवं होतं.

मी विचारलं, ढेकर येतात का? ते म्हणाले, येतात की.

"मग गॅस आहे, मास्तर. काही काळजी करू नका. दोन्ही वेळा जेवण झालं की शतपावली करायची."

मास्तर हसले. काकूंकडे वळून म्हणाले, ऐकलंत? काकू आत गेल्या. मला त्यांनी पोहे दिले, मी खाल्ले आणि घरी आले. चालताना मी खुशीत होते, तेही मला आठवतं.

मास्तर पंचमीला गेले. भर दुपारी, कॉलनीच्या बागेत, बाकावर बसलेले. आई मला सांगायला आली तेव्हा मी हृदयाचीच आकृती काढत होते वगैरे, असं काही नाटकी नव्हतं. मी केस विंचरत होते. आई म्हणाली, मास्तर गेले गं. जेवून शतपावलीला म्हणून बागेत गेले होते. एरवी नाही जायचे, दोन दिवसांपासूनच सुरू केलं होतं म्हणे. तिनं ते इतकं सहज सांगितलं, की तिला काही माहीत नाही हे मला लगेच कळलं. मी केस विंचरत राहिले. फणी दोनदा त्याच जागेवरून फिरली तेव्हा आईनं माझ्या हातातून ती काढून घेतली.

अंत्ययात्रा त्याच चौकातून गेली. मी गेले नव्हते, बाबांनी सांगितलं. फ्लेक्सच्या खाली खांदा बदलला म्हणाले.

दहा दिवस मी आईबरोबर रोज काकूंकडे जाऊन बसत होते. बायका यायच्या, विचारायच्या, काही त्रास होता का हो? आणि काकू प्रत्येक वेळी तेच सांगायच्या. होता थोडा. पण आपल्या डॉक्टरणीनं बघितलं होतं, गॅस आहे म्हणाली. निवांत होते अगदी. मग बायका माझ्याकडे बघायच्या, मायेनं. एकीनं तर माझ्या पाठीवरून हात फिरवला. काकूंचा आवाज वर-खाली होत नसे. त्या मला वाचवत होत्या की सगळ्यांसमोर उभी करत होत्या, हे मला तेव्हा कळलं नाही आणि पुढची तेरा वर्षं कळलं नाही.

प्रवेशाच्या सगळ्या याद्या संपल्या. बाबांना मी म्हणाले, मला डॉक्टर व्हायचं नाही. का, ते सांगितलं नाही. बाबा चिडले, मग बोलेनासे झाले, मग एक दिवस बोलायला लागले तेव्हा त्यांच्याकडे एक गोष्ट तयार होती. सीट मिळत होती, हिनंच घेतली नाही. मास्तर गेले त्याचा धक्का बसला पोरीला. ही गोष्ट त्यांनी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितली, की आता ती त्यांची स्वतःचीच आठवण झाली आहे. खोडायची वेळ कधीच निघून गेली. फ्लेक्स दिवाळीनंतर महापालिकेच्या माणसांनी उतरवला. त्या जागी दुसऱ्या कुणाचा तरी वाढदिवस लागला.

मी देवासलाच बीएससी केलं, मग बीएड, मग धारच्या शाळेत जागा निघाली. लांब होती म्हणूनच घेतली. लोक विचारतात, मास्तरकीच करायची होती तर एवढा अभ्यास कशाला केलात? मी हसते.

शाळेत दहावीला हृदय शिकवावं लागतं. मी फळ्यावर आकृती काढते, आजही सुरेख येते, मुली वहीत उतरवतात. पाठ वळलेली असते तेव्हा कधी कधी निलगिरीचा वास येतो. पोरांना सर्दी असते, कुणीतरी रुमालाला लावून आलेलं असतं, हे मला माहीत आहे. तरी मी लगेच मागे वळत नाही. शेवटच्या बाकावर कुणीतरी म्हातारं माणूस सरळ बसून माझ्या झडपा बरोबर आल्यात का बघत असतं, असं मला वाटतं, आणि वळल्यावर तिथं फक्त मनावर गावाकडचा एक उंच मुलगा असतो. बाजारात, बसमध्ये, लग्नात, कुणी म्हाताऱ्यानं डावा खांदा चोळला की मी जवळ जाऊन त्यांना दवाखान्यात जायला सांगते. अनोळखी लोकांनाही. धामनोदच्या ढाब्यावर एकदा एका ड्रायव्हरला इतक्यांदा सांगितलं, की तो ताट सोडून उठून गेला.

माझ्या वर्गात एक नियम आहे. येत नसेल तर जागा कोरी सोडा, कोरीला मी अर्धा गुण देते. हेडमास्तरांनी दोनदा बोलावून समज दिली आहे.

या पितृपक्षात बाबांचा फोन आला. काकू देवास सोडून मुलाकडे पुण्याला चालल्यात, घर विकलं, तुला बोलावलं आहे. पंचमीलाच ये म्हणाल्या. मी तीन दिवस जायचं नाही असं ठरवत होते, आणि पंचमीला सकाळी सहाच्या बसमध्ये बसले.

घरात सामान बांधलेलं होतं. काकू आता ऐंशीच्या पुढे, वाकलेल्या, पण स्वयंपाक स्वतः केला होता. खीर, वडे, कढी, कारल्याची भाजी, आमसुलाची चटणी. पुण्याला मुलगा विधी करत होता, इथं नुसतं पान वाढायचं होतं. दर वर्षी मास्तरांचे एक जुने मित्र येत, मास्तरांच्या जागी बसून जेवत. ते उन्हाळ्यात गेले, काकूंनी सांगितलं. म्हणून यंदा जेवायला कोणी नाही.

मी उभ्या-उभ्याच बोलायला सुरुवात केली, बसले असते तर बोलले नसते. मला तेव्हा सीट मिळणार नव्हती हे मला आधीपासून माहीत होतं. मला काही येत नव्हतं. मास्तरांनी सांगितलं ते सगळं पुस्तकात होतं आणि मी गॅस म्हणाले. त्यांना चालायला मीच लावलं. बोलून झाल्यावर मला वाटलं रडू येईल, पण आलं नाही. 

काकूंनी वरणाचं भांडं खाली ठेवलं.

"हे गेले त्याच दिवशी मला ते कळलं होतं," त्या म्हणाल्या. "तू पोर होतीस, म्हणून कुणाला बोलले नाही. बोलले नाही म्हणजे माफ केलं असं समजू नकोस."

मी नाही म्हणून मान हलवली.

"आता बैस. पान वाढलंय."

पाट एकच होता, भिंतीशी, मास्तरांसाठी मांडलेला. मी म्हटलं, काकू, ही जागा त्यांची आहे. त्या म्हणाल्या, मला माहीत आहे कुणाची आहे. पितरांच्या पानावर एखादी परकी पोर बसली, असलं काही त्यांच्या घराण्यात कधी घडलं नसेल, आणि आमचं तर गोत्रही कुणाला ठाऊक नाही. मी बसले. त्यांनी मला वाढलं, आणि वाढताना माझ्याकडे पाहुण्याकडे बघतात तसं बघत होत्या, अदबीनं, थोडं लांबून. कारलं कडू होतं, खीर गोड होती, मी सगळं खाल्लं. काकू समोर भिंतीला टेकून बसल्या होत्या.  मध्ये एकदा मला वाटलं, की मी डाव्या हातानं पाट घट्ट धरला आहे, आणि तो हात खांद्यापासून जड झाला आहे. मी जेवत राहिले.

पान संपलं. श्राद्धाला जेवणाऱ्याला शेवटी विचारायची रीत आहे, आणि त्यानं होकार दिल्याशिवाय ते पितरांना पोचत नाही. काकू उठल्या, हात जोडले, आणि मला, ज्या पोरीला त्या जन्मभर 'अगं' म्हणत आल्या होत्या, विचारलं, "तृप्त झालात?"

बाहेर कुणीतरी ट्रकवाला सामान कधी काढायचं ते विचारत होता. काकू हात जोडून थांबल्या होत्या. एक शब्द म्हटला असता तर त्यांचं समाधान झालं असतं, त्या सुखानं पुण्याला गेल्या असत्या, आणि तो शब्द माझ्या जिभेवर आलासुद्धा होता.

"मला माहीत नाही, काकू," मी म्हणाले.

 काकूंनी जोडलेले हात सोडले, माझ्यासमोरचं पान उचललं आणि म्हणाल्या, "हे तेव्हा म्हणायचं होतंस गं."